दादाचंच इंजिन, दादाच्याच रुळांवर

कावळा शिवेना.

दिवेआगरच्या सुरूच्या बनाशी आम्ही यज्ञेश्वरदादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, दहाव्याचा पिंड मांडला होता. एरवी त्या बनात कावळ्यांचा असा उच्छाद असतो की पर्यटकाच्या हातातला वडापाव तोंडापर्यंत पोचत नाही. त्या दिवशी मात्र सगळे कावळे वर ओळीनं बसून मोजणीला हरकत घेतलेल्या शेजाऱ्यासारखे आमच्याकडे बघत राहिले. दादाचा मुलगा अजेय हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन." कावळे ढिम्म. आमचा चुलतभाऊ म्हणाला, "वाडीच्या बांधाचा वाद मिटवून टाकीन." त्यावर तर दोन कावळे उडून लांबच्या झाडावर गेले. त्यांना चुलतभावाची माहिती असावी.

भटजींना दुपारच्या आत श्रीवर्धनला वास्तुशांतीला पोचायचं होतं. त्यांनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तसा पद्मावहिनीचा चेहरा उतरला. खरा कावळा आला नाही, दर्भाचा लावावा लागला, म्हणजे माणसाचा जीव कशात तरी अडकला असं आमच्याकडे धरतात, आणि मग बाईला ते जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. वहिनीचा तो चेहरा मला बघवेना. मी तरातरा पुढे झालो आणि मोठ्यानं म्हणालो, "दादा, तुझंच इंजिन, तुझ्याच रुळांवर, मी चालवून दाखवीन!"

शब्द संपतोय तोच एक कावळा सरळ खाली आला, भाताचा घास घेतला आणि गेला. लोकांनी सुस्कारे सोडले. भटजींनी घड्याळ बघितलं. सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते आणि मलाही, खोटं कशाला सांगू, छाती जरा पुढे आल्यासारखी वाटली.

आता "तुझंच" आणि "तुझ्याच" हे दोन शब्द घालायला मला कुणी सांगितलं होतं? जन्म सरकारी नोकरीत गेला. प्रत्येक वाक्यात मागच्या दारानं निसटायला जागा ठेवायची, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. नेमकं त्या दिवशी मी ते विसरलो.

दादा एसटीत कंट्रोलर होता. उभा जन्म त्यानं स्टँडवरच्या खिडकीत बसून माईकवरून बोर्ली, म्हसळा, पनवेल अशा गाड्या सोडल्या. जीव मात्र आगगाडीत. आमच्या तालुक्यात रूळ म्हणून शोधायला गेलात तर सरकत्या दारांच्या चौकटीतच सापडतील. म्हणून त्यानं खेळण्यातली, पण खरी वाटेल अशी रेल्वे जमवायला घेतली. कुणी जर्मनीहून आलं, इंजिन मागवलं. मुंबईतलं एक जुनं दुकान बंद पडत होतं, तिथून रूळ आणले. कुणाचा भाचा लंडनहून आला, एक डबा मिळाला. सगळं ट्रंकेत. "एकदा सगळं जमलं की चालवू," म्हणायचा. एक दिवस सकाळी चहाचा कप हातात घेऊन तो पडवीत बसला, तो तसाच बसून राहिला.

दहाव्याहून घरी परतल्यावर वहिनीनं दारात पाय धुतले आणि आत शिरताना म्हणाली, "भाऊजी, तुमची गाडी चालली की मगच मी पडवीचा हा उंबरा ओलांडीन. तोवर मला कुठे नेऊ नका."

अजेय मटकन पायरीवर बसला. कारण वहिनीला काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. पनवेलच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, या दुखण्यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवायची असते, आणि ती वाचवायला ऑपरेशन लवकर करायला हवं. तारीख पुढच्याच आठवड्याची होती. अजेयनं समजूत घातली, रागावला, रडला. वहिनीनं डोळ्यांत थेंब घालून घेतले आणि पदर लावून बसली. मी म्हटलं, "काळजी नको. चार दिवसांत चालवतो."

हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, ते सांगायला हवं. मी भूमी अभिलेखात मोजणीदार होतो. तळा तालुक्यापासून मुरुडपर्यंत माझी साखळी पडली नाही असा बांध नसेल. नकाशा कुठल्या प्रमाणात आहे हे मी लांबून ओळखतो. अख्खं गाव मला अजून मोजणीसाहेब म्हणतं. एवढा मोठा डोंगर कागदावर बसवणाऱ्या माणसाला बोटभर इंजिन रुळावर बसवणं काय कठीण?

ट्रंक उघडली. रूळ काढून पडवीतल्या फळीवर मांडले, त्यांचं छान लंबगोल झालं. लंडनचा डबा ठेवला, तो झोकात बसला. मग इंजिन काढलं. ते काडेपेटीहून जरासंच लांब. रुळांवर ठेवलं, तर दोन्ही रुळांच्या मधून खाली जाऊन खालच्या आडव्या पट्ट्यांवर पोट टेकून बसलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा खाली. माझी बायको नूतन दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "हे ह्या रुळांचं पिल्लू दिसतंय." मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

अजेयला व्हिडिओ कॉल लावला. तोवर तो वाशीला परत गेला होता आणि रोज रात्र रात्र वाचून या विषयात माझ्यापुढे निघून गेला होता. "काका, रूळ एचओचे आहेत. त्यात सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान असतं. इंजिन एन स्केलचं, ते एकशे साठपट लहान. ते ह्या रुळांवर कसं बसेल?"

"मग डबा बसला तो?"

"तो ब्रिटिश डबा. त्यांचं स्केल शहात्तरपट लहान, म्हणजे जरा मोठं, पण रूळ तेच वापरतात. काका, स्केल वेगळं आणि गेज वेगळं. स्केल म्हणजे प्रमाण, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. नवखा माणूस इथेच फसतो."

नवखा! ज्या माणसानं आयुष्यभर प्रमाणावर मीठभाकर खाल्ली, त्याला त्याच्या मांडीवर मुतलेला पुतण्या प्रमाण शिकवत होता. मी फोन ठेवला आणि बराच वेळ नारळ मोजत बसलो.

गाव म्हटलं की सल्ले आलेच, पण इथे तर बांध फुटला. इलेक्ट्रिकच्या दुकानवाला तुळशीराम रोज संध्याकाळी यायचा आणि पडवीत मांडी ठोकून बसायचा. "मोजणीसायब, येवढं काय त्यात? जत्रंतली सेलवाली गाडी आणा नि सोडा गोल. वयनींना दिसतंय कुठं?" हे तो वहिनी तीन हातांवर बसलेली असताना म्हणाला. शेजारच्या मनुबाईनं सुचवलं की डबा बसतो ना, मग डबाच ढकला. त्यावर आतून वहिनीचा आवाज आला, "इंजिनाशिवाय गाडी कसली हो?" मी शेवटी भटजींकडे गेलो. म्हटलं, मानसपूजा जशी असते, तशी मनातल्या मनात गाडी चालवली तर? भटजींनी पान लावता लावता विचार केला आणि म्हणाले, "मानसपूजा देवाला चालते. पितरांचं काम रोखीचं. शब्द पिंडासमोर दिलाय तुम्ही, आणि दोनदा 'च' लावून दिलाय."

मग मी एक लबाडी करायची ठरवली. लबाडी म्हणजे डोळ्यांसाठी केलेली तडजोड. अजेयला म्हटलं, इंजिनाला बसतील असे अरुंद रूळ मागव, आपण ते दादाचेच म्हणून सांगू. त्यानं मागवले. पार्सल निघालं, पोचलं, असा निरोपही आला. फक्त आमच्याकडे नाही. पत्त्यावर त्यानं आमचं पोस्ट म्हणून नुसतं बोर्ली लिहिलं होतं आणि रायगडात एक बोर्ली मुरुडच्या बाजूलाही आहे. मी दिघीला गेलो, जेट्टीवरून फेरीबोटीनं आगरदांड्याला उतरलो, तिथून एसटी धरून त्या बोर्लीला पोचलो. कुरियरच्या टपरीतला माणूस जेवत होता. त्यानं ओळखपत्र मागितलं, ते बघितलं, मग सामान काय असं विचारलं. मी म्हटलं, रूळ. त्यानं घास थांबवला. "रेल्वेचे?" मी म्हटलं, लहान. "लहान म्हंजे चोरीचेच ना कापून?" हे सगळं समजावून होईतो त्याला आठवलं की पार्सल सकाळीच परत पाठवलंय. परतीला वारा सुटला म्हणून फेरी बंद. म्हसळ्यावरून वळसा घालून येणारं वाहन काही मला सापडलं नाही. मुरुडला एका लॉजवर, शेजारच्या खोलीतल्या कॉलेजच्या पोरांचा गाण्यांचा कार्यक्रम ऐकत, मी रात्र काढली.

घरी आलो तेव्हा वहिनी चहा ओतत होती. कप ताटलीत होता आणि चहा ताटलीत पडत होता. तिला वाटत होतं ती कपात ओततेय. नूतननं तिच्या हाताखाली कप सरकवला. मला त्या क्षणी कावळ्याचा, दादाचा आणि माझा स्वतःचा इतका राग आला की मी चपला न काढताच परसात निघून गेलो.

पार्सल पुन्हा आलं, या वेळी खऱ्या बोर्लीला. मी रूळ मांडले, इंजिन ठेवलं, अगदी चपखल. वहिनीला हाताला धरून आणलं. म्हटलं, "बघ वहिनी, दादाच्याच रुळांवर." तिनं वाकून रुळांवरून बोट फिरवलं. मग तर्जनी दोन रुळांच्या मधे घालायला गेली. बोट आत जाईना.

"हे त्यांचे नव्हेत," ती म्हणाली. "त्यांच्या रुळांत माझं बोट आडवं फिरतं. दर शनिवारी फडक्यानं पुसायचे मी ते." आणि जराही न रागावता म्हणाली, "भाऊजी, तुम्ही दमलात. राहू दे आजचा दिवस." रागावली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी लबाडी सोडली आणि डोकं चालवलं. जमिनीच्या भांडणात दोन्ही बाजू हटून बसल्या की आम्ही तिसरी हद्द टाकून बघायचो. तसा तिसरा रूळ! दादाच्या दोन रुळांपैकी एक कायम ठेवायचा आणि त्याच्यापासून इंजिनाच्या चाकाइतक्या अंतरावर मधे आणखी एक घालायचा. आणि तो बाहेरून कशाला आणायचा? दादाच्याच ट्रंकेतले जादा तुकडे होते. ते सोलून रूळ सुटा करायचा. उंची तीच, लोखंड तेच, मालक तोच. अजेयला सांगितलं तर तो म्हणाला, "काका, हे खरोखर करतात. दोन गेजच्या रेल्वेत असंच असतं." हे ऐकून मला जेवण जास्त गेलं.

पण करणं म्हणजे सोपं नव्हतं. सरळ तुकडा सरळ बसला, वळणावरचा वाकवताना तुटला, दुसरा वाकला पण भलतीकडे. डिंकानं चिकटवलेला सकाळी मुंग्यांनी सोडवलेला असायचा. आमच्या खाऱ्या वाऱ्यानं रूळ तांबडे पडत. घासून स्वच्छ करावेत तर वहिनीचा हात तिथे आधीच असायचा, फडकं घेऊन, रुळाच्या भलत्याच बाजूला. मधे वर्षाचे सण कोरडे गेले. अजेय दर शनिवारी येऊन आईशी भांडायचा आणि दर रविवारी सुजलेल्या डोळ्यांनी परत जायचा. तो मला काही बोलत नसे. ते मला जास्त लागायचं.

विजेचं काम तुळशीरामनं आपणहून अंगावर घेतलं. त्यानं वायफायच्या डबीचा अडॅप्टर कापून रुळांना जोडला. बटण दाबताच इंजिन बंदुकीतून सुटल्यासारखं निघालं, पहिल्याच वळणावर रूळ सोडला आणि मनुबाईच्या मांडीत जाऊन पडलं. "स्पीड कमी करूया," म्हणून त्यानं अडॅप्टरच्या आधी पंख्याचा रेग्युलेटर लावला. फट् झालं, आमचे दिवे गेले, आणि मनुबाईचेही गेले, कारण तिनं वायर आमच्याकडून घेतली होती हे त्या निमित्तानं उघड झालं. वीज मंडळाचा माणूस आला, त्यानं जळकी वायर बघितली, फळीवरची रेल्वे बघितली, माझे पिकलेले केस बघितले आणि विचारलं, "घरात कुणी जबाबदार माणूस हाय का?"

शेवटी वेग कमीजास्त करायचं खरं यंत्र अजेयनं आणून दिलं, तेव्हा गाडी चालेल अशी वेळ आली. मी आदल्या दिवशी मुद्दाम चालवून बघितली नाही. पहिला फेरा दादाचा, असं मनात होतं. गुरुवारी सकाळी भटजी आले, तुळशीराम आला, मनुबाई आली, अर्धी आळी पडवीत मावली. इंजिन मी स्पिरिटनं पुसून ओट्याच्या कठड्यावर उन्हात वाळत ठेवलं होतं. वहिनीला फळीजवळ खुर्चीत बसवलं. ती नवं लुगडं नेसली होती. अलीकडे ती आवाजाकडे तोंड करून बसायला लागली होती. माझ्याकडे बघून हसली, ते माझ्या शेजारच्या खांबाकडे बघून.

मी वायरी जोडत होतो. तेवढ्यात मनुबाईच्या मनात आलं की गाडीची पूजा झाली नाही. नवी गाडी, मग ती रिक्षा असो की ट्रक, पूजेवाचून हलवायची नाही ही आमच्याकडची रीत. तिनं इंजिनाला कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि वर टपावर पेढ्याचा तुकडा घट्ट दाबून बसवला. माझी तिकडे पाठ होती. मी वळलो तेव्हा कठड्यावर कावळा होता. त्यानं मान वाकडी करून पेढ्याकडे बघितलं, चोच मारली, पेढा निघेना, तसा त्यानं इंजिनासकट पेढा उचलला आणि पोफळींवरून निघून गेला.

मी यंत्राचं बटण धरून तसाच उभा.

"काय झालं?" वहिनीनं विचारलं. "चालली का?"

तुळशीराम ओरडला, "वयनी, दादा आलं! सोता आलं नि गाडी घिऊन गेलं!"

भटजींनी हात जोडले. अख्ख्या पडवीनं हात जोडले. मनुबाई रडायला लागली. मी ओरडणार होतो की अहो, रूळ! माझ्या रुळांकडे तरी बघा! इतके महिने मी काय भजी तळत होतो? पण वहिनीनं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. मग ती उठली, भिंतीला धरत उंबऱ्यापाशी गेली, आणि तो ओलांडून अंगणात उतरली. "अजेयला फोन करा," म्हणाली. "कुठे न्यायचं ते नेऊ दे."

पनवेलच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. डावा डोळा गेला, असं ते म्हणाले. उजव्याचं ऑपरेशन करू, जे उरलंय ते टिकेल. "आधी का नाही आणलंत?" त्यांनी विचारलं. अजेय खाली बघत होता. दहाव्याचा कावळा डॉक्टरला कुठून समजावणार.

घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाडीत झाडांना पाण्याचं शिपणं करत होतो. एका पोफळीच्या आळ्यात, सुकल्या झावळीखाली काहीतरी चमकलं. इंजिन होतं. टपावर कुंकू तसंच, पेढा गायब, एका बाजूला चोचीचा ओरखडा. मी ते धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि चोरासारखा पडवीत आलो. कुणाला सांगणार? गावात ती गोष्ट म्हसळ्यापर्यंत पोचली होती. दादा गाडी घेऊन गेला, यावर आता शंका घेणारा माणूस राहिला नव्हता. दुपारची वेळ, नूतन झोपलेली. मी इंजिन पुसलं आणि तिसऱ्या रुळावर ठेवलं, नुसतं बसतं का ते बघायला. मग बटण हळूच फिरवलं.

ते चाललं. सरळावर चाललं, वळणावर चाललं, जोडावर जराही न अडखळता गोल फिरून माझ्यासमोर आलं आणि पुढे गेलं. बारीक गुणगुणल्यासारखा आवाज. दादानं ज्याच्यासाठी ट्रंक भरली ते माझ्या डोळ्यांसमोर फिरत होतं आणि मला हुंदका आवरेना.

"भाऊजी?"

मी दचकून वळलो. वहिनी माजघराच्या दारात चौकटीला धरून उभी होती. उजव्या डोळ्यावर पट्टी. डावा डोळा उघडा होता, नेमका माझ्यावर, आणि त्याला काही दिसत नव्हतं.

"चालतेय?" तिनं विचारलं.

"चालतेय."

"त्यांच्याच रुळांवर?"

"हो. त्यांच्याच."

तिनं मान तिरकी करून एक फेरा पुरा होईतो ऐकलं. मग हळूच म्हणाली, "मग त्या कावळ्यानं काय नेलं हो?"

"काय माहीत, वहिनी," मी म्हणालो, आणि बटण बंद केलं.